रोजची फेरी

(आपल्या कार्याचे देणगीदार आणि प्रार्थना-सहभागी यांचा वार्षिक मेळावा पिंपरी येथे झाला. ‘कुटुंब : देवाची देणगी’ या विषयावर तिथे केलेले हे भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



दरवर्षी या मेळाव्यात मी वाड्या-वस्त्यांवरच्या कामाचा अहवाल देतो. किती मुलं शाळेत टिकली, किती दाखले निघाले, किती घोंगड्या वाटल्या. यंदा पाळकसाहेबांनी मला विषय दिला कुटुंबाचा. मी पंधरा दिवस विचार केला आणि घरी पत्नीला विचारलं, “आपल्या धाकट्याबद्दल बोलू का?” ती म्हणाली, “बोला. पण रडवायला बोलू नका.” तेव्हा मी प्रयत्न करतो.

आपल्यातल्या पुष्कळांनी आमच्या धाकट्या मुलाला पाहिलं होतं. संडे स्कूलच्या नाताळच्या नाटिकेत तो मेंढरू झाला होता. मेंढरानं गव्हाणीपाशी नुसतं बसायचं होतं. पण त्यानं स्वतःची कानटोपी काढली, बाळ येशूच्या बाहुलीच्या डोक्यावर चढवली आणि मोठ्यानं सांगितलं, “याला थंडी वाजतेय.” सगळी मंडळी हसली. मरियेचं काम करणारी मुलगी चिडली, कारण टोपी बाहुलीच्या नाकापर्यंत आली होती.

तो गेला तेव्हा सहा वर्षांचा होता. त्याला आता बारा वर्षं झाली. म्हणजे तो जितका आमच्याबरोबर राहिला, त्याच्या दुप्पट काळ आम्ही त्याच्याशिवाय काढला आहे.

त्या वेळी आम्ही मोशीला राहत होतो. मी रोज सकाळी चाकणच्या पलीकडे, भामा नदीच्या खोऱ्यातल्या एका कातकरी वस्तीवर जात असे. तुमच्यापैकी निम्मे लोक त्याच रस्त्यानं कंपनीत जातात, त्यामुळे तो रस्ता मी वर्णन करायला नको. कंपन्यांच्या बसगाड्या, कंटेनर, चिंबळी फाट्यापासून लागलेली रांग. त्या रांगेत उभं राहून माणूस एका बाजूला मोठमोठ्या मोटारींचे कारखाने बघतो आणि तिथून काही किलोमीटर आत गेलं की कुडाच्या भिंतींच्या झोपड्या. आपल्या राज्यात अतिअसुरक्षित म्हणून गणलेल्या तीन आदिवासी जमाती आहेत : कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. त्यातली कातकरी आपल्या अगदी शेजारची. आपल्या इमारतींच्या विटांमध्ये त्यांच्या हातच्या किती विटा असतील, सांगता येत नाही.

त्या वस्तीवर दीड वर्षांची एक मुलगी होती. तिचं वजन वाढत नव्हतं. दंडाचा घेर मोजायची एक रंगीत पट्टी असते. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला की ती लाल रंगावर थांबते. या मुलीची पट्टी लालवर थांबायची. मी ही गोष्ट रात्री जेवताना पत्नीला सांगत होतो आणि आमचा धाकटा ऐकत होता. त्यानं ती पट्टी माझ्या पिशवीतून काढली, स्वतःच्या दंडाला लावून पाहिली. हिरवी आली. मग तो म्हणाला, “तिला माझं थोडं देता येत नाही का?”

त्याला दंडातलं मांसच द्यायचं होतं. ते कसं देता येत नाही हे मी त्याला समजावलं, आणि खाऊ देता येईल असं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून माझ्या पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात काहीतरी यायला लागलं. कधी अर्धं बिस्कीट, कधी शाळेत कुणाच्या वाढदिवसाला मिळालेली गोळी, कधी वहीच्या कागदात गुंडाळलेला चिक्कीचा तुकडा. संध्याकाळी विचारायचा, “खाल्लं का तिनं?” मी हो म्हणायचो. काही वेळा खरंच तिला दिलेलं असायचं. काही वेळा मी विसरलेला असायचो, आणि तरी हो म्हणायचो. अनेकदा विचारायलाही तो जागा नसायचा, कारण मी पोहोचेपर्यंत झोपून गेलेला असायचा.

सप्टेंबर संपत आला होता, पाऊस उघडझाप करत होता. त्याला ताप आला. डॉक्टरांना दाखवलं, औषध सुरू झालं, रक्त तपासलं. डेंग्यू निघाला. चौथ्या दिवशी सकाळी अंग गार लागलं, ताप उतरला होता. त्यानं थोडा मऊ भात खाल्ला. मी देवाचे आभार मानले आणि वस्तीवर गेलो, कारण त्या दिवशी मुलांची वजनं घ्यायची होती.

दुपारी पत्नीचा फोन आला. पोटात दुखतंय म्हणतो, सारख्या उलट्या होतायत, हातपाय गार पडलेत. ती शेजाऱ्यांच्या गाडीतून त्याला घेऊन दवाखान्यात निघाली होती. मी चाकण चौकात अडकलो. पुढं बस, मागं कंटेनर. मोटरसायकल रस्त्याच्या कडेला एका टपरीवाल्याकडे टाकून मी चालत, पळत निघालो, मग एका रिक्षावाल्यानं घेतलं. पोहोचलो तेव्हा तो शुद्धीवर होता. मला बघून त्यानं काय विचारलं असेल? “खाल्लं का तिनं?” मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. डॉक्टरांनी आणि नर्सताईंनी त्यांच्या हातात होतं ते सगळं केलं. त्यांच्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञतेशिवाय काही नाही.

एक गोष्ट इथं थांबून सांगतो, कारण आपल्या भागात दर पावसाळ्यात हा आजार येतो. डेंग्यूमध्ये ताप उतरला म्हणजे धोका टळला असं समजू नका. आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, ताप उतरतो त्याच वेळी, खरा कठीण काळ सुरू होतो. पोटात जोरात दुखणं, पुन्हा पुन्हा उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, फार सुस्ती किंवा बेचैनी, गार हातपाय, लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर घड्याळ न बघता दवाखाना गाठा. तापासाठी डॉक्टरांना न विचारता दुकानातून दुखण्याच्या दुसऱ्या गोळ्या आणून देऊ नका. हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. मी आता जिथं जातो तिथं सांगतो.

त्यानंतरच्या दिवसांत पुष्कळ लोक भेटायला आले. ते प्रेमानं आले, हे मला माहीत आहे. पण काहींनी जे सांगितलं ते मला आजही टोचतं. कुणी म्हणालं, देवाला बागेत सुंदर फूल हवं होतं. कुणी म्हणालं, निदान मुलगी तरी आहे. कुणी म्हणालं, तुम्ही तर ईश्वरविज्ञान शिकलेले, तुम्हाला काय सांगायचं. बंधूंनो, मी डिप्लोमा केला होता, दुःखाच्या प्रश्नावर निबंधही लिहिला होता. त्या निबंधातलं एक वाक्यही त्या आठवड्यात माझ्या कामाला आलं नाही.

कामाला काय आलं? समोरच्या घरातल्या काकूंनी तीन आठवडे रोज संध्याकाळी डबा पाठवला आणि दारात उभं राहून उपदेश केला नाही. मंडळीतले एक वयस्कर गृहस्थ दर रविवारी उपासनेनंतर माझ्या शेजारी पाच मिनिटं बसत आणि आमच्या मुलाचं नाव घेऊन त्याची एखादी आठवण सांगत. बाकी लोक नाव घ्यायचं टाळत होते, मला त्रास होईल म्हणून. पण नाव ऐकणं हीच मला भूक होती. ज्यांच्या घरातलं मूल गेलं आहे त्यांच्याकडे जाल तेव्हा हे लक्षात ठेवा. मुलाचं नाव घ्या. आणि पहिल्या आठवड्यात गर्दी असते, तेव्हा नाही जमलं तरी चालेल. सहाव्या महिन्यात जा.

मार्काच्या शुभवर्तमानातल्या पाचव्या अध्यायातली याईराची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकली आहे. वर्षभर मी तो अध्याय उघडू शकलो नाही. त्याची मुलगी उठली, माझा मुलगा का नाही, एवढाच माझा प्रश्न होता. त्याचं उत्तर मला आजही मिळालेलं नाही आणि ते मिळालं आहे असं मी तुमच्यासमोर उभं राहून सांगणार नाही. पण पुढे एकदा तो भाग वाचताना शेवटच्या ओळीपाशी मी थांबलो. बारा वर्षांची मुलगी उठून चालायला लागली आहे, घरचे लोक थक्क झाले आहेत. अशा वेळी प्रभू काय सांगतो? तिला काहीतरी खायला द्या. एवढा मोठा चमत्कार झाला आणि त्याच्या लक्षात आलं की या पोरीला भूक लागली असेल. आईच्या लक्षात येतं तसं. माझा प्रभू असा आहे, हे मला त्या दिवशी कळलं. आणि माझ्या मुलाला, सहा वर्षांच्या पोराला, ते आधीच कळलेलं होतं असं मला वाटतं.

त्याच्या जाण्यानंतर तीन आठवड्यांनी मी वस्तीवर गेलो. बसल्या-बसल्या पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात हात गेला आणि वहीच्या कागदात गुंडाळलेला चिक्कीचा तुकडा हाताला लागला. आजारी पडायच्या आदल्या दिवशी त्यानं ठेवलेला असणार. मी त्या लहान मुलीच्या आईच्या दारात होतो. माझं काय झालं ते तिला कुणीतरी आधीच सांगितलं होतं. ती काही बोलली नाही. तिनं चूल पेटवली, कोरा चहा ठेवला, मला दिला आणि समोर बसली. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, “दादा, पोराचं नाव काय व्हतं?”

मी सांगितलं. तिनं ते दोन-तीन वेळा स्वतःशी म्हणून पाहिलं. मग म्हणाली, “माजी दोन गेली. एक भट्टीवर गेली. तिचं तर नाव ठेवायचंच राहिलं.”

मी चार वर्षं त्या वस्तीवर जात होतो. तिची दोन लेकरं गेली हे मला माहीत होतं, म्हणजे आकड्यात माहीत होतं. माझ्याच एका तिमाही अहवालात मी लिहिलं होतं, बालमृत्यू : १. ती तिची भट्टीवरची मुलगी. पण मी त्या बाईला कधी विचारलं नव्हतं की तुला काय झालं, ती कशी होती, दिसायला कुणासारखी होती. आज कबूल करतो, सुरुवातीच्या काळात मी आमच्या सहकाऱ्यांशी बोलताना म्हणालोही होतो की या लोकांना सवय असते. त्यांना चार-पाच मुलं असतात, एखादं जातं, ती पुढं चालू लागतात. आपल्यापैकी किती जणांच्या मनात हे वाक्य कधी ना कधी आलं असेल!

ईयोबाच्या पुस्तकाचा शेवट आठवा. देवानं त्याला सगळं दुप्पट परत दिलं. सात हजार मेंढरांची चौदा हजार झाली, तीन हजार उंटांचे सहा हजार झाले. पण मुलं? आधी सात मुलगे आणि तीन मुली होत्या. पुढेही सात मुलगे आणि तीनच मुली झाल्या. वीस झाली नाहीत. पूर्वी होऊन गेलेल्या जाणत्या लोकांनी यावर म्हटलं आहे की मेंढरांसारखी लेकरं दुप्पट करून परत देता येत नाहीत, आणि जी गेली ती हिशेबातून वजा होत नाहीत. त्या कातकरी आईला पुढं चार मुलं झाली असती तरी तिची भट्टीवर गेलेली मुलगी तिच्या हिशेबात राहणारच होती. तिला सवय झालेली नव्हती. तिचं ऐकायला कुणी बसलं नव्हतं.

त्या दिवशी मी पिशवीतून एक कोरी वही काढली. ती म्हणाली, “लिव्हा.” आणि तिनं त्या मुलीचं नाव ठेवलं, मरून तीन वर्षं झाल्यावर. मी पहिल्या ओळीत ते लिहिलं. मग ती म्हणाली, “तुमच्या पोराचं बी लिव्हा.” आमच्या नोंदवहीचं पहिलं पान असं सुरू होतं. त्या दोघांच्या नावांत फक्त एका ओळीचं अंतर आहे. चिक्कीचा तुकडा तिनं दगडानं बारीक करून धाकटीला भरवला.

यानंतर दहा महिन्यांनी, ३० जुलै २०१४ च्या सकाळी, माळीणची दुर्घटना झाली. चाकणवरून नाशिकच्या रस्त्यानं वर गेलं की मंचर, तिथून आत घोडेगाव, आणि पुढे डिंभे धरणाच्या बाजूला आंबेगाव तालुक्यातलं हे महादेव कोळी समाजाचं गाव. मोठ्या पावसात डोंगराचा कडा सुटला आणि गाव चिखलाखाली गेलं. १५१ माणसं गेली. त्यांत आया होत्या, म्हातारे होते, आणि झोपेतून नुकती उठलेली लेकरं होती. एक आई आणि तिचं तान्हं बाळ मात्र ढिगाऱ्यातून जिवंत बाहेर निघालं. आम्ही मंडळीतर्फे तांदूळ आणि पांघरुणं घेऊन घोडेगावपर्यंत गेलो होतो. पावसाची धार थांबत नव्हती. ज्यांचं कुणी सापडायचं राहिलं होतं ती माणसं रस्त्याच्या कडेला उभी होती. त्यांना तांदूळ नको होता, पांघरूणही नको होतं. मी एका आजोबांच्या शेजारी उभा राहिलो. त्यांना मी एवढंच विचारलं की घरात कोण कोण होतं. त्यांनी एकेकाचं नाव सांगितलं, बोटांवर मोजत. हे विचारायला मला त्या कातकरी बाईनं शिकवलं होतं.

पण माळीणची एक गोष्ट त्या दिवसापासून माझ्याबरोबर राहिली आहे. गाव गाडलं गेलं, तेव्हा ओरडून सांगायला गावात फारसं कुणी उरलं नव्हतं. बाहेरच्या जगाला ही बातमी कळली ती एसटीच्या एका चालकामुळे. सकाळच्या फेरीवर तो तिथं आला आणि त्यानं पाहिलं की जिथं गाव दिसायचं तिथं चिखलाचा डोंगर आहे. एखादा नवखा माणूस त्या रस्त्यानं गेला असता तर त्याला वाटलं असतं, दरड कोसळली आहे, आणि तो गाडी वळवून परत फिरला असता. इथं गाव होतं, हे त्याला कळलं नसतं. हा चालक नेहमी येणारा होता, म्हणून त्याला काय नाहीसं झालं ते कळलं.

मी यावर फार विचार केला आहे. आमच्या मुलाच्या चेहऱ्यात त्या चौथ्या दिवशी सकाळी काही वेगळं होतं का? त्याच्या आईला दुपारी लगेच ओळखू आलं, कारण ती रोज त्याच्याजवळ होती. मला सकाळी ओळखू आलं नाही. मी त्याच्यावर प्रेम करत नव्हतो असं कुणी म्हणू शकणार नाही. पण माझी त्याच्याकडची फेरी रोजची नव्हती. मी देवाच्या कामात होतो, आणि देवाच्या कामाची सबब सांगून माणूस घरापासून जितका लांब राहू शकतो तितका कंपनीची सबब सांगूनही राहू शकत नाही. सेवेतल्या माझ्या बांधवांनो, हे मी विशेषतः तुम्हाला आणि मला सांगतो आहे. पत्नीनं मला कधी दोष दिला नाही. एकदा मीच म्हणालो, “मी त्या दिवशी थांबायला हवं होतं.” ती म्हणाली, “थांबला असतात तरी तो कदाचित गेला असता. पण तुम्ही त्याच्याजवळ असतात.” ती एवढंच म्हणाली आणि भाजी निवडत राहिली.

आमची मोठी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. त्यानंतर वर्षभर तिनं मला किती वाजता येणार हे सांगितल्याशिवाय घराबाहेर पडू दिलं नाही. मी साडेसात म्हणायचो आणि ती सव्वासातपासून गॅलरीत उभी राहायची. तेव्हापासून मी सांगितलेल्या वेळेला घरी येतो. उशीर होणार असेल तर कळवतो. ती आता एकवीस वर्षांची आहे, नोकरी करते, आणि हल्ली तिला यायला उशीर होतो. गॅलरीत मी उभा असतो.

आपल्या पुणे जिल्ह्यातच एक घर आहे, जे अशाच दुःखातून उभं राहिलं. केडगावचं मुक्ती मिशन. आपल्यातल्या काहींच्या आज्या-पणज्या तिथं वाढल्या. पंडिता रमाबाईंनी तरुण वयात, दुष्काळाच्या काळात, आई, वडील आणि बहीण गमावली. १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये पती गेले, तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेनं मरणाऱ्या शेकडो मुलींना घेऊन आल्या. स्वतः दुष्काळात रस्त्यानं चाललेली बाई होती ती. त्या मुलींकडे बघताना तिला संख्या दिसली नसणार. आणि मग १९२१ च्या जुलैत मनोरमाबाईही गेल्या, एकुलती एक लेक, कामातली उजवा हात. रमाबाई त्यानंतर नऊ महिनेही जगल्या नाहीत. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. पण त्या महिन्यांतही त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराचं काम सोडलं नाही, आणि मुक्तीतल्या मुलींची घरं बंद पडली नाहीत. त्यांना दुःख झालं नसेल का? मला वाटतं, ज्या घरात रोज शेकडो मुलींना जेवायला वाढायचं असतं, तिथं दुःखालाही पंगतीत वाढायला उभं राहावं लागतं.

१९ जुलै २०२३ च्या रात्री, रायगड जिल्ह्यात इरशाळगडाच्या कुशीतली ठाकर समाजाची इरशाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह मिळाले आणि ५७ माणसं शेवटपर्यंत मिळाली नाहीत. काही मुलं निवासी आश्रमशाळेत होती म्हणून वाचली. त्या मुलांचा विचार करा. सुट्टी लागली की इतर मुलं पिशव्या भरून घराकडे पळतात. डोंगरातल्या लेकरांचं दुःख हे असं आपल्यापासून घाटाच्या पलीकडे, दोन-अडीच तासांच्या अंतरावर आहे.

आता आपल्या वहीबद्दल सांगतो आणि थांबतो. एका वस्तीवर सुरू झालेली ती नोंदवही आता आपण जातो त्या प्रत्येक वस्तीवर आहे. कोण जन्मलं, केव्हा, कुठं, नाव काय ठेवलं. जे गेलं, त्याचंही नाव. ही केवळ भावनेची गोष्ट नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे आणि २१ दिवसांत नोंद करायची असते. पण दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं उचल घेऊन वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परत येतात. बाळ भट्टीवर जन्मतं, ग्रामपंचायत तिसरीच, आशाताईंना पत्ता नाही. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलाला शाळेपासून पुढच्या अनेक कामांसाठी जन्माचा दाखलाच लागतो. दाखला नाही म्हणजे ते मूल कागदावर जन्मलंच नाही, आणि जे जन्मलंच नाही ते मेलं तरी कुणाला कळत नाही. उशिरा नोंद करता येते, पण त्यासाठी कागदपत्रं, फेऱ्या आणि बुडालेली मजुरी लागते. या फेऱ्या आपले कार्यकर्ते मारतात. तुमच्या देणगीतला मोठा वाटा या फेऱ्यांच्या पेट्रोलवर जातो, हे मी लाजत नाही सांगायला.

तुमच्याकडून मला देणगीपेक्षा जास्त एक गोष्ट हवी आहे. महिन्यातून एक शनिवार. ज्यांची पहिली शिफ्ट असते ते दुपारनंतर येऊ शकतात. पण एक अट आहे. एकदा येऊन फोटो काढून जाऊ नका. एकच वस्ती घ्या, आणि वर्षभर तिथंच या. चार-सहा मुलांची नावं पाठ करा. तुम्ही तिसऱ्यांदा आलात की तुम्हाला आपोआप कळेल की आज कोण दिसत नाही, आणि तुम्ही विचाराल. तुम्ही विचारल्यामुळे एखादं आजारी मूल वेळेवर दवाखान्यात जाईल. हे मी बघितलेलं आहे. येताना आपली मुलंही आणा. खाऊ किती न्यायचा ते त्यांना ठरवू द्या. आपल्यापेक्षा ती जास्त नेतात.

आणि आज संध्याकाळी घरी जाल तेव्हा मुलं जागी असताना पोहोचा. त्यांनी काही विचारलं तर खरं उत्तर द्या. खाल्लं नसेल तिनं, तर नाही म्हणा आणि उद्या नक्की देईन म्हणा. मला हे म्हणायची संधी पुष्कळ वेळा होती.

ती दीड वर्षांची मुलगी आज आश्रमशाळेत आठवीत शिकते. दिवाळीच्या सुट्टीत मी वस्तीवर गेलो होतो तेव्हा ती आलेली होती. उंचीला माझ्या खांद्याएवढी झाली आहे. तिच्या आईनं तिला सांगितलेलं आहे की तुझ्यासाठी एक भाऊ चिक्की पाठवायचा. तिनं मला त्याचं नाव घेऊन विचारलं, तो असता तर आता कितवीत असता. मी सांगितलं, बारावीत. ती म्हणाली, “मंग मला गणित शिकवलं असतं त्यानं.” त्याचं गणित कसं होतं हे मला माहीत नाही, तो पहिलीत होता. पण मी हो म्हणालो. या वेळी मला खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही.

आपण उभे राहून प्रार्थना करू या. ज्यांच्या घरातलं लेकरू गेलं आहे त्यांनी मनातल्या मनात त्याचं नाव घ्यावं. प्रभू त्या सर्वांना नावानं ओळखतो. तो आपल्या घरांना आणि डोंगरातल्या प्रत्येक घराला शांती देवो. आमेन.